जखमेची प्रतवारी

दरवर्षी ७ डिसेंबर जवळ आला की चांदूर बाजारच्या कचेऱ्यांतून आणि शाळांतून ध्वजदिनाच्या छोट्या झेंड्या फिरू लागतात. हा प्रघात १९४९ पासून देशभर चालू आहे. जिल्ह्याजिल्ह्याला निधी-संकलनाचे उद्दिष्ट ठरवून दिले जाते, ते कचेऱ्याकचेऱ्यांत वाटले जाते, आणि उद्दिष्ट पुरे झाले की प्रशस्तिपत्रके दिली जातात. विद्यार्थ्याच्या खिशातील नाणे आणि शिपायाच्या पगारातील दहा रुपये या निधीत जातात. त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. प्रश्न इतकाच की लढाईत किंवा सेवेत हात, पाय, डोळे वा मनाचे स्वास्थ्य गमावून गावी परतलेल्या जवानाच्या चरितार्थाचा भार प्रजासत्ताकाने ७५ वर्षांनंतरही डब्यातल्या नाण्यांवर कितपत टाकावा. डब्याच्या पलीकडे शासन म्हणून काय दिले जाते, कोणाला दिले जाते आणि ते तालुक्याच्या गावापर्यंत पोचते की नाही, याचा हिशेब ध्वजदिनाच्या भाषणांतून सहसा मांडला जात नाही.

सैन्य केंद्राचे, म्हणून सैनिकाची जबाबदारी केंद्राची, असे उत्तर मंत्रालयापासून तहसिलीपर्यंत सर्वत्र तयार असते. ते अर्धेच खरे आहे. संरक्षण हा विषय संघसूचीत आहे आणि सैनिकाचे निवृत्तिवेतन केंद्र देते, हे खरे. परंतु राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतील राज्यसूची उघडून पाहावी. तिच्या नवव्या नोंदीत अपंग व कामास असमर्थ व्यक्तींचे साहाय्य हा विषय राज्यांकडे सोपविलेला आहे. गणवेश उतरवून जायबंदी जवान गावच्या फाट्यावर बसमधून उतरला की तो राज्याच्या हद्दीत आणि राज्याच्या जबाबदारीत येतो. हे तत्त्वतः मान्य असल्यामुळेच पुण्याला राज्याचा सैनिक कल्याण विभाग आहे आणि जिल्ह्याच्या ठिकाणी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालये आहेत. तत्त्वाविषयी वाद नाहीच. वाद आहे तो त्या तत्त्वाच्या कक्षेत कोणाला घ्यावयाचे याविषयी.

वऱ्हाडच्या शेतकऱ्याला प्रतवारी म्हणजे काय ते सांगावे लागत नाही. एकाच झाडाची संत्री व्यापाऱ्याच्या आडतीत तीन ढिगांत जातात, आणि तिसऱ्या ढिगाला मिळणाऱ्या भावात तोडणीची मजुरीही निघत नाही. सैनिकाच्या जखमेचीही अशीच प्रतवारी झालेली आहे. केंद्राच्या निवृत्तिवेतन नियमांत अपंगत्वाच्या कारणांचे पाच वर्ग आहेत. सेवेशी संबंध नसलेले कारण, सेवेमुळे उद्भवलेला आजार, कर्तव्यावरील अपघात, अतिरेकी कृत्य आणि प्रत्यक्ष युद्ध वा लष्करी मोहीम असा त्यांचा चढता क्रम. कर्तव्यावर गाडी उलटून शंभर टक्के अपंगत्व आलेल्या जवानाला सेवा-अंशाव्यतिरिक्त मिळणारा अपंगत्व-अंश शेवटच्या वेतनाच्या ३० टक्के असतो. तेवढेच अपंगत्व शत्रूच्या गोळीने येऊन सेवा संपली, तर हा अंश वेतनाच्या शंभर टक्के होतो. रणांगणावरील जखमेला अधिक मान असावा, हे समजण्याजोगे आहे. पण कमरेखालचे शरीर निकामी झालेल्या दोन माणसांच्या खाटा शेजारी-शेजारी ठेवल्या तर त्यांच्या औषधपाण्याच्या, डायपरच्या, शुश्रूषेच्या खर्चात एका पैशाचाही फरक दिसत नाही, हेही तितकेच खरे.

येथे राज्याला एक संधी होती. केंद्राने जी उतरंड रचली तिच्या तळाशी असलेल्यांना राज्याने हात द्यावा, हा कल्याणकारी राज्याचा स्वाभाविक धर्म ठरला असता. महाराष्ट्राने नेमके उलट केले. २०१९ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने शहीद जवानांच्या कुटुंबांना द्यावयाचे साहाय्य २५ लाखांवरून एक कोटी रुपये केले, आणि त्याच निर्णयात युद्धात वा चकमकीत अपंगत्व आलेल्या जवानांचे अनुदानही चौपट केले. १ ते २५ टक्के अपंगत्वास ५ लाखांऐवजी २० लाख, २६ ते ५० टक्क्यांस साडेआठ लाखांऐवजी ३४ लाख आणि ५१ टक्क्यांपासून पुढे १५ लाखांऐवजी ६० लाख. निर्णय स्वागतार्ह होता आणि आहे. त्यातील एक रुपयाही कमी व्हावा असे कोणी म्हणणार नाही. परंतु हे अनुदान मिळते ते केंद्राच्या उतरंडीत ज्यांना आधीच वरची पायरी मिळालेली आहे त्यांना. प्रशिक्षणात पाठीचा कणा मोडलेला, तोफांच्या आवाजाने श्रवणशक्ती गेलेला, कर्तव्यावरील अपघातात पाय गमावलेला जवान या अनुदानाच्या कक्षेत येत नाही. कारण मोजले जाते, गरज मोजली जात नाही. एकाच्या घरी साठ लाख, तर दुसऱ्याच्या घरी मुलांची शिष्यवृत्ती, प्रसंगी कल्याणनिधीतून किरकोळ मदत आणि ध्वजदिनाचे निमंत्रणपत्र.

या उतरंडीच्या सर्वांत खाली जो आहे त्याचे नावच कोणत्या यादीत सापडत नाही. वैद्यकीय मंडळाने आजार 'सेवेमुळे नाही आणि सेवेने बळावलेलाही नाही' असा शेरा मारला आणि सेवा दहा वर्षांहून कमी असली, तर त्याला एकरकमी उपदान देऊन घरी पाठविले जाई, निवृत्तिवेतन नाही. जुलै २०२० मध्ये केंद्राने ही दहा वर्षांची अट काढली, पण बदल लागू केला तो ४ जानेवारी २०१९ रोजी वा त्यानंतर सेवेत असलेल्यांनाच. त्याआधी परतलेले तसेच राहिले. माजी सैनिकाच्या शासकीय व्याख्येत बसण्यासाठी निवृत्तिवेतन तरी हवे, किंवा सेवेमुळे आलेल्या अपंगत्वाचा दाखला तरी हवा. ज्याच्यापाशी दोन्ही नाही तो भरतीच्या दिवशी धडधाकट होता, परतला तेव्हा नव्हता, आणि तरी तो माजी सैनिक नव्हे.

न्यायालयांनी या शेऱ्यातील अन्याय ओळखला आहे. धरमवीर सिंग यांच्या खटल्यात २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की भरतीच्या वेळी नोंद झालेली नसेल तर जवान तेव्हा निरोगी होता असेच धरले पाहिजे, आणि आजार सेवेमुळे झालेला नाही हे सिद्ध करण्याचा भार जवानावर नव्हे, सरकारवर आहे. अपस्मारामुळे नऊ वर्षांच्या सेवेनंतर घरी पाठविलेल्या एका जवानाला त्यासाठी जवळजवळ वीस वर्षे झगडावे लागले. पुढल्या वर्षी राम अवतार खटल्यात अपंगत्वाची टक्केवारी वरच्या टप्प्यापर्यंत नेण्याचा लाभ नेमस्त काळ पुरा करून निवृत्त झालेल्यांनाही देण्यात आला. सरकारने जवानांविरुद्ध अपिलांवर अपिले करीत राहावे काय, या प्रश्नावर मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री असताना २०१५ मध्ये तज्ज्ञांची समिती नेमली गेली आणि तिने या अपिलबाजीविषयी नापसंतीच नोंदविली. असे असूनही सप्टेंबर २०२३ मध्ये नवे नियम आले, आणि 'अपंगत्व-अंश' या शब्दाच्या जागी बहुसंख्यांसाठी वेगळा, अधिक सौम्य वाटणारा शब्द बसविण्यात आला. शब्द बदलले की हक्काचे सहजच साहाय्य होते, हे शासनव्यवहाराशी ज्यांचा संबंध आला आहे त्यांना नवीन नाही.

न्यायनिवाडे दिल्लीत होतात; त्यांचा लाभ घेण्याची वाट चांदूर बाजारहून कशी जाते ते पाहावे. तालुक्याला सैनिक कल्याणाची कचेरी नाही. ती अमरावतीस, चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरांवर. लष्करी रुग्णालय नागपूरपलीकडे कामठीस. कृत्रिम अवयव केंद्र पुण्यास, १९४४ पासून. जायबंदी सैनिकांना हातोद्योग शिकविणारी क्वीन मेरीज तंत्रसंस्था खडकीस, १९१७ पासून. कंबरेखाली लुळे झालेल्या जवानांचे पुनर्वसन केंद्रही खडकीसच, १९७४ पासून. सशस्त्र दल न्यायाधिकरणाचे महाराष्ट्रासाठीचे पीठ मुंबईस. पुणे येथून सुमारे सहाशे किलोमीटर, मुंबई त्याहून लांब. ज्याला चालता येत नाही त्याच्यासाठीच्या सर्व संस्था चालत्या माणसालाही थकवील एवढ्या अंतरावर आहेत. या संस्थांचे काम थोर आहे, यात शंका नाही. १९६५ च्या युद्धात गोळ्यांनी जायबंदी झालेले मुरलीकांत पेटकर १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या स्पर्धेत जलतरणाचे सुवर्णपदक घेऊन आले, आणि पद्मश्रीचा मान त्यांना मिळाला तो २०१८ मध्ये, ४६ वर्षांनी. राष्ट्राचे पहिले पॅरालिम्पिक सुवर्ण जिंकणाऱ्याची ही कथा, तर शिरजगाव कसबा किंवा ब्राह्मणवाडा थडी येथील एखाद्या अनामिक शिपायाच्या अर्जाला किती वर्षे लागावीत, याचा अंदाज ज्याने त्याने करावा.

पश्चिम महाराष्ट्र आणि वऱ्हाड यांत आणखी एक फरक आहे. सातारा-सांगली-कोल्हापूरकडे गावेच्या गावे सैनिकांची. तेथे निवृत्त सुभेदार पारावर बसलेला असतो आणि कोणता अर्ज कोठे करावयाचा हे तो तोंडी सांगतो. चांदूर बाजार तालुक्यात गावोगाव एखाद-दुसरेच घर फौजेतले. संघटना नाही, अनुभवाचा वारसा नाही, आमदारावर दडपण आणील एवढी मतांची संख्या नाही. ज्यांच्या पाठीशी संख्या नसते त्यांच्या पाठीशी शासनाने अधिक उभे राहावे, अशी अपेक्षा असते. घडते ते असे की योजना संख्येच्या दिशेने वाहतात.

माजी सैनिकाने अर्ज घेऊन दारोदार फिरावे, हा प्रकार महाराष्ट्राला जुनाही आहे. कोकणातील गोपाळ बाबा वलंगकर हे स्वतः फौजेचे निवृत्तिवेतनधारक. महारांची सैन्यभरती ब्रिटिशांनी बंद केली तेव्हा १८९४ मध्ये त्यांनी सरकारकडे जो अर्ज तयार केला त्यात दयेची याचना नव्हती. या लोकांनी केलेल्या सेवेचा दाखला होता. पुढे महार रेजिमेंट उभी राहिली ती १९४१ मध्ये. सैनिकाचा सन्मान हा राजाची मेहेरबानी नसून केलेल्या सेवेचे देणे आहे, हा विचार येथे सव्वाशे वर्षांपूर्वीच मांडला गेला होता. त्याची आठवण सैनिक कल्याणाची परिपत्रके लिहिणाऱ्यांना असती तर 'लाभार्थी' हा शब्द त्यांतून इतक्या सढळपणे वापरला गेला नसता.

चांदूर बाजारचे नाव अपंगांच्या प्रश्नात आणखी एका कारणाने राज्यभर घेतले जाते. प्रज्ञाचक्षू गुलाबराव महाराजांचे माधान याच तालुक्यातले; दृष्टी नसलेल्या माणसाच्या प्रज्ञेला येथील लोक शतकभर मान देत आले आहेत. आणि बच्चू कडू यांचे बेलोराही याच तालुक्यातले. त्यांच्या राजकारणाविषयी, युती-आघाड्यांतील त्यांच्या फिरतीविषयी मतभेद असू शकतील, आणि ते आहेतही. पण अपंगांचा प्रश्न त्यांनी रस्त्यावर आणला, ३ डिसेंबर २०२२ रोजी राज्यात स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग जाहीर झाला त्यात त्या रेट्याचा वाटा होता, आणि जून २०२५ मध्ये गुरुकुंज मोझरी येथील त्यांच्या उपोषणात कर्जमाफीबरोबर अपंगांच्या मानधनवाढीचीही मागणी होती, हे नाकारण्यात अर्थ नाही. त्याच वर्षी सप्टेंबरात संजय गांधी निराधार अनुदान योजनेतील अपंगांचे मासिक अनुदान दीड हजारावरून अडीच हजार करण्याचा निर्णय झाला. मागणी सहा हजारांची होती. तरीही संघटित झाल्यावर शासन हलते, हे याच मातीने दाखवून दिले.

हा लढा आणि सैनिकांचा प्रश्न एकमेकांना मात्र भेटलेले नाहीत. अपंगांची नोंद एका विभागाकडे, माजी सैनिकांची दुसऱ्याकडे. सैन्याच्या वैद्यकीय मंडळाने लिहून दिलेली टक्केवारी निवृत्तिवेतनाच्या कचेरीत चालते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याखालील आरक्षण, एस.टी.ची सवलत वा अपंग कल्याणाची कोणतीही योजना हवी असेल तर त्याच जवानाला जिल्हा रुग्णालयाच्या रांगेत उभे राहून तोच पाय पुन्हा दाखवावा लागतो. सैन्याच्या डॉक्टरने सत्तर टक्के म्हटले आणि जिल्हा रुग्णालयाने चाळिसाच्या आत मोजले, तर तो एका कचेरीत अपंग आणि दुसऱ्या कचेरीत धडधाकट ठरतो. ('अपंग' म्हणू नये, 'दिव्यांग' म्हणावे, असा दंडक आता आहे. नव्या शब्दाने तिजोरीवर भार पडत नाही, म्हणून तो सर्वत्र तत्परतेने लागू झाला.)

राज्याच्या ज्या सवलती कागदावर सर्वच माजी सैनिकांना आहेत, त्यांची गतही पाहण्यासारखी आहे. २०२० मध्ये बाळासाहेब ठाकरे माजी सैनिक सन्मान योजनेखाली माजी सैनिकांच्या राहत्या घराचा कर माफ करण्यात आला. गावात घरपट्टी, नगरपालिकेत मालमत्ता कर. योजना चांगली. परंतु कर ग्रामपंचायतीचा आणि सूट शासनाची, अशी ही व्यवस्था आहे. ज्या ग्रामपंचायतीची वसुली आधीच तुटपुंजी, तिला आणखी एक घर मागणी नोंदवहीतून वजा करण्याची घाई नसते. शिवाय ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नाच्या पाच टक्के रक्कम अपंगांसाठी खर्च करावी असाही दंडक आहे. उदाहरणादाखल दोन लाख उत्पन्नाची पंचायत धरली तर ते होतात दहा हजार रुपये. गावात वीस अपंग असतील तर माणशी वर्षाला पाचशे. म्हणजे अपंगांना द्यावयाचे ते ज्या उत्पन्नातून द्यावयाचे, त्याच उत्पन्नातून माजी सैनिकाची सूट कापली जाते. औदार्य मंत्रालयाचे आणि झळ गावच्या अपंगाला, असा हा हिशेब आहे. सवलतीची भरपाई राज्याने ग्रामपंचायतीला केली पाहिजे, ही मागणी म्हणूनच सैनिकाच्या आणि गावच्या अपंगाच्या, दोघांच्याही हिताची आहे.

जमिनीचेही तसेच. शासकीय जमिनीच्या विल्हेवाटीचे १९७१ चे नियम सैनिकांना आणि माजी सैनिकांना शेतजमीन-वाटपात अग्रक्रम देतात. अग्रक्रम खरा, पण वाटावयास जमीन कोठे आहे? ई-क्लासच्या पडीत जमिनींवर सार्वजनिक कामांपासून अतिक्रमणांपर्यंत सर्वांचे दावे आहेत, आणि दोन्ही पाय गमावलेल्या माणसाला खडकाळ माळ मिळाला तरी तो कसणार कोण, हा प्रश्न नियम करणाऱ्यांना पडलेला दिसत नाही. दुसऱ्या टोकाला मुंबईच्या कुलाब्यात मोक्याच्या जागी उभी राहिलेली ३१ मजली 'आदर्श' इमारत आहे. कारगिलच्या वीरांचे नाव त्या इमारतीभोवती इतके फिरले की ती त्यांच्यासाठीच राखीव होती असा समज देशभर झाला. चौकशी आयोगाने तसे आरक्षण नव्हते असा निष्कर्ष काढला. २०१० मध्ये त्या प्रकरणी मुख्यमंत्र्यांना पायउतार व्हावे लागले. सदनिका कोणाकोणाच्या नावे निघाल्या हे सर्वांस ठाऊक आहे. त्यांत वऱ्हाडातला जायबंदी शिपाई असण्याचा संभवच नव्हता.

नोकऱ्यांविषयी बोलावयाचे तर राज्याच्या वर्ग तीन व चारच्या भरतीत माजी सैनिकांना १५ टक्के समांतर आरक्षण आहे. अपंगांना २०१६ च्या कायद्याने चार टक्के. दोन्ही आकडे कागदावर भरघोस दिसतात. परंतु आरक्षणाला आधी पद लागते. डिसेंबर २०२० मध्ये अनुदानित शाळांतील शिपायांची पदे यापुढे न भरता त्यांऐवजी भत्ता देण्याचे ठरले. सप्टेंबर २०२३ मध्ये शासकीय पदे खाजगी कंपन्यांमार्फत कंत्राटी पद्धतीने भरण्याचा निर्णय निघाला आणि लोकक्षोभामुळे ऑक्टोबरात तो मागे घ्यावा लागला. बाह्ययंत्रणेकडून कामे करून घेण्याची वृत्ती मात्र मागे घेतली गेली नाही. जायबंदी जवानाला झेपेल असे काम म्हणजे कचेरीतले बैठे काम, आणि नेमके तेच काम कंत्राटदाराकडे जात आहे. माजी सैनिक महामंडळ सुरक्षारक्षकांच्या जागा मिळवून देते. कुबड्या घेतलेल्या माणसाला सुरक्षारक्षक म्हणून कोणी ठेवीत नाही.

आता अग्निपथ. जून २०२२ मध्ये ही योजना आली तेव्हा चार वर्षांनंतर बाहेर पडणाऱ्या तीन-चतुर्थांश तरुणांच्या रोजगाराची चर्चा झाली. जायबंदी होऊन परतणाऱ्यांची फारशी झाली नाही. सेवेमुळे आलेल्या अपंगत्वास अग्निवीराला शंभर टक्क्यांसाठी ४४ लाख, पंचाहत्तरसाठी २५ लाख आणि पन्नाससाठी १५ लाख अशी एकरकमी रक्कम ठरविण्यात आली, आणि उरलेल्या मुदतीचे वेतन. निवृत्तिवेतन नाही, माजी सैनिकाचा दर्जा नाही. बाविसाव्या वर्षी खाटेला खिळलेल्या मुलापुढे पन्नास वर्षांचे आयुष्य असते. एकरकमी पैसा घरात आला की बहिणीचे लग्न, बापाचे कर्ज, घराचे बांधकाम हे सर्व त्यावर हक्क सांगतात, आणि पाच-सात वर्षांत तो पैसा संपतो. महिन्याचे निवृत्तिवेतन असे संपत नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये सियाचीनच्या हिमात कर्तव्यावर मृत्यू पावलेला अग्निवीर बुलढाणा जिल्ह्यातला होता, वऱ्हाडातला होता. त्याच्या कुटुंबाला एकरकमी काय मिळाले आणि निवृत्तिवेतन का नाही, यावर देशभर वाद झाला. तो वाद मृत्यूचा होता म्हणून गाजला. जिवंत परतणाऱ्या अपंगाच्या वाट्याला तेवढीही वर्तमानपत्रे येत नाहीत.

राज्याच्या बहुतेक सवलती 'माजी सैनिक' या शब्दाला बांधलेल्या आहेत; घरपट्टी, आरक्षण, मुलांची शिष्यवृत्ती, वसतिगृह, सर्व काही. केंद्राने अग्निवीराला हा शब्द नाकारला की राज्याचीही सारी दारे एका फटक्यात बंद होतात. पहिल्या तुकडीची चार वर्षे २०२६ च्या अखेरीस पुरी होतात. असाच प्रकार प्रशिक्षणात जायबंदी झालेल्या छात्रांचा. खडकवासल्याच्या प्रबोधिनीत किंवा डेहराडूनला पाठ मोडून घेतलेला छात्र अधिकारी झालेला नसतो, म्हणून माजी सैनिकही होत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली तेव्हा कोठे त्यांच्या औषधोपचाराची सोय करण्यात आली. आणि केंद्रीय राखीव पोलीस दल, सीमा सुरक्षा दल यांतील जवान? विदर्भातील तरुण मोठ्या संख्येने जातात ते या दलांत. पुलवामात फेब्रुवारी २०१९ मध्ये बुलढाण्याचे दोन जवान गेले. केंद्रीय गृहखात्याने २०१२ मध्ये या दलांतील निवृत्तांना वेगळे नाव दिले आणि राज्यांनी त्यांनाही माजी सैनिकांच्या धर्तीवर सवलती द्याव्यात असे सुचविले. नाव मिळाले, सवलती राज्यांच्या मर्जीवर राहिल्या.

यातून वाट काढण्यासाठी दिल्लीच्या परवानगीची गरज नाही. केंद्राची व्याख्या केंद्राच्या योजनांसाठी; राज्याने आपल्या योजनांसाठी कोणाला पात्र धरावे हे राज्य ठरवू शकते, आणि नवव्या नोंदीने ते ठरविणे त्याचे कर्तव्यही आहे. सैन्यात, निमलष्करी दलांत, अग्निवीर म्हणून वा प्रशिक्षणार्थी म्हणून दाखल झालेला आणि वैद्यकीय कारणास्तव घरी पाठविलेला महाराष्ट्राचा प्रत्येक रहिवासी राज्याच्या योजनांसाठी पात्र, एवढी एकच ओळ शासननिर्णयात लिहावयाची आहे. सैन्याच्या वैद्यकीय मंडळाचा दाखला जिल्हा रुग्णालयाने फेरतपासणीशिवाय मान्य करावा, ही दुसरी. तिसरी गोष्ट खर्चाची आहे आणि म्हणून तीच सर्वांत अवघड जाईल. चकमकीबाहेरील कर्तव्यावर पन्नास टक्क्यांहून अधिक अपंगत्व आलेल्यास राज्याने, एकरकमी नव्हे, महिन्याच्या महिन्याला शुश्रूषा-भत्ता द्यावा. अशा जवानांची संख्या एवढी मोठी नाही की राज्याचा अर्थसंकल्प कोलमडावा. स्मारके आणि स्वागतकमानी यांवर होणारा खर्च ज्यांना परवडतो त्यांनी तरी पैशांची अडचण सांगू नये.

सैनिकांचा प्रश्न हा आपला नव्हे, तो राष्ट्रवादाची जपमाळ ओढणाऱ्यांचा, अशी एक समजूत पुरोगामी चळवळीत अजूनही आढळते. ती चुकीची आहे. वऱ्हाडातून सैन्यात जातो तो कोरडवाहू शेतकऱ्याचा, शेतमजुराचा, बारा बलुत्यांचा मुलगा. तो देशभक्तीने जातो, आणि दोन एकरांत भागत नाही म्हणूनही जातो. ज्याने कारखान्यात बोटे गमावली त्याच्या नुकसानभरपाईसाठी १९२३ मध्ये कायदा झाला आणि त्यासाठी कामगार संघटना लढल्या. सैनिकाला संघटना करता येत नाही, संप करता येत नाही. म्हणून त्याचे म्हणणे मांडणे हे संघटित चळवळीचे अधिकच काम ठरते. अंगावरची वर्दी पाहून त्याला परका मानण्याचे कारण नाही, आणि वर्दीच्या नावाने मते मागणाऱ्यांच्या हवाली त्याला करण्याचेही नाही.

चांदूर बाजार तालुक्यातील कार्यकर्त्यांना यातील बरेचसे काम आजच हाती घेता येण्यासारखे आहे. गावोगावच्या माजी सैनिकांची, निमलष्करी दलांतून परतलेल्यांची आणि अग्निवीरांची नावे घरोघर जाऊन लिहून काढावीत. जिल्हा कार्यालयाची यादी ओळखपत्रधारकांची असते, ही यादी माणसांची असेल. वैद्यकीय कारणाने परतलेल्या प्रत्येकाचा सेवामुक्तीचा कागद वाचावा. 'सेवेमुळे नाही' असा शेरा ज्यांच्या कागदावर आहे त्यांच्यासाठी २०१३ च्या निवाड्याची प्रत जोडून अपील तयार करावे. अमरावतीच्या वकील मंडळींनी त्यात हात घातला तर मुंबईच्या खेपा कमी होतील. अपंगांसाठी लढणाऱ्या संघटना तालुक्यात आहेतच. पक्षभेद बाजूस ठेवून त्यांच्या शिबिरांत सैनिकांचे टेबल मांडण्यास हरकत नसावी. पुढल्या ग्रामसभेत घरपट्टीची मागणी नोंदवही आणि अपंगांच्या पाच टक्क्यांचा खर्च, हे दोन्ही कागद ग्रामसेवकाकडून मागून घेऊन सभेपुढे वाचावेत, आणि सुटीची भरपाई शासनाने करावी असा ठराव करून तो गटविकास अधिकाऱ्यांकडे पोच घेऊन दाखल करावा.